लिंडा एकन : ‘आज स्टाफ कमी आहे’ या वाक्याचा हिशोब

रात्रपाळी

वॉर्डात काम केलेल्या कुठल्याही सिस्टरला विचारा, नोकरीत सगळ्यांत जास्त वेळा कोणतं वाक्य बोललात? ‘आज स्टाफ कमी आहे.’ इनचार्जला सांगतो, ती म्हणते ॲडजस्ट करा. मेट्रनला सांगतो, त्या म्हणतात वरून माणूसच मिळत नाही. नातेवाइकांना सांगतो, ते म्हणतात तो आमचा प्रश्न नाही (बरोबरच आहे). रजिस्टरमध्ये मात्र हे वाक्य कधी चढत नाही. अकरा वर्षं मीही हेच केलं. मग एमएस्सी करून शिकवायला लागले. आता जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) मुलींना शिकवताना दरवर्षी एक तास अशा एका बाईंना देते ज्यांचं नाव प्रश्नपत्रिकेत कधीच येणार नाही. मुली म्हणतात, मॅडम, हे परीक्षेला आहे का? नाही म्हटलं की पेनं खाली. तरी सांगते.

लिंडा एकन. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नर्सिंगच्या आणि समाजशास्त्राच्या प्राध्यापक. फ्लोरिडा विद्यापीठातून १९६४ मध्ये नर्सिंगची पदवी, १९६६ मध्ये मास्टर्स. म्हणजे मुळात आपल्यातल्याच, वॉर्डातल्या. पण पुढे पीएचडी केली ती टेक्सासात, समाजशास्त्रात. मला वाटतं त्यांच्या सगळ्या कामाची मेख इथंच आहे. आपण नर्सिंगवाले पेशंटकडे बघतो, फार तर वॉर्डाकडे. समाजशास्त्र शिकलेला माणूस हॉस्पिटलकडेच पेशंटसारखं बघतो. याला काय झालंय? याच्या शेजारच्याला का नाही झालं?

पीएचडीनंतर त्या विद्यापीठात स्थिरावल्या नाहीत. १९७४ ते १९८७ अशी तेरा वर्षं त्यांनी रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनमध्ये काढली. जॉन्सन अँड जॉन्सनच्या संपत्तीतून उभी राहिलेली, आरोग्यक्षेत्रात पैसा देणारी ही मोठी संस्था. तिथं त्या उपाध्यक्षपदापर्यंत गेल्या. पैसा कोणाला द्यायचा, कुठला प्रश्न महत्त्वाचा मानायचा, हे ठरवणाऱ्या टेबलाच्या त्या बाजूला एक नर्स बसली होती. आपल्याकडं ही खुर्ची कुठली असेल विचार करून बघा. माझ्या डोळ्यांसमोर एकही येत नाही.

१९८८ मध्ये पेनसिल्व्हेनियाला आल्या आणि आरोग्यसेवेचे परिणाम आणि धोरण यांवर संशोधन करणारं केंद्र त्यांनी उभं केलं. पहिलं मोठं काम ‘मॅग्नेट’ हॉस्पिटल्सवर. हा शब्द त्यांचा नाही. १९८३ मध्ये अमेरिकन ॲकॅडमी ऑफ नर्सिंगनं नर्सांची टंचाई असतानाही नर्सा टिकवून ठेवणारी ४१ हॉस्पिटलं शोधून काढली होती. लोहचुंबकासारखी, म्हणून मॅग्नेट. एकनबाईंनी पुढचा प्रश्न विचारला : जिथं नर्सा खूश, तिथं पेशंट जास्त जगतात का? १९९४ च्या निबंधात त्यांनी अशी ३९ हॉस्पिटलं घेतली, त्यांच्यासारखीच दुसरी १९५ घेतली, आणि सरकारी विम्यावरच्या म्हाताऱ्या पेशंटांचे मृत्यू ताडून पाहिले. मॅग्नेटमध्ये मृत्युदर ४.६ टक्क्यांनी कमी निघाला.

आता काळ बघा. नव्वदचं दशक, अमेरिकेत खर्चकपातीचं वारं. सल्लागार कंपन्या येऊन सांगायच्या की नर्स कमी करा, बिनशिक्षित मदतनीस वाढवा. नर्सा ओरडत होत्या. शेवटी इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनची (आरोग्यधोरणावर सल्ला देणारी तिथली संस्था) समिती बसली आणि १९९६ मध्ये तिनं जवळपास असं म्हटलं की हॉस्पिटलातला नर्सिंग स्टाफ कमी केल्यानं पेशंटचं नुकसान होतं असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही. झालं! पुरावा नाही म्हणजे तक्रार नाही.

एकनबाईंनी पुढं जे केलं ते मी मुलींना फळ्यावर चित्र काढून दाखवते. हॉस्पिटलांना विचारलं असतं की तुमच्याकडं नर्स किती, तर मंजूर पदं सांगितली असती. रजेवरच्या, डेप्युटेशनवरच्या, ओपीडीत बसलेल्या, सगळ्या धरून. म्हणून त्यांनी हॉस्पिटलांना विचारलंच नाही. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडची नोंदणीकृत नर्सांची यादी घेतली, त्यातली निम्मी नावं निवडली आणि प्रश्नावली घरी पाठवली. तुम्ही कुठं काम करता? मागच्या पाळीत तुमच्या अंगावर किती पेशंट होते? किती थकला आहात? नोकरी सोडायचा विचार आहे का? घरच्या टेबलावर, इनचार्जच्या नजरेआड उत्तरं लिहिली गेली. मग एकेका हॉस्पिटलच्या नर्सांची उत्तरं एकत्र करून सरासरी काढली आणि ती त्याच हॉस्पिटलच्या पेशंटांच्या नोंदींना जोडली.

१६८ हॉस्पिटलं, १०,१८४ नर्सा, शस्त्रक्रिया झालेले २,३२,३४२ पेशंट. ऑक्टोबर २००२ मध्ये ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. निष्कर्ष : नर्समागे एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. नर्स पार गळून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी, नोकरीबद्दलच्या नाराजीची १५ टक्क्यांनी.

यात मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो ‘फेल्युअर टू रेस्क्यू’चा मुद्दा. ही कल्पना जेफ्री सिल्बर या बालरोगतज्ज्ञाची; ते या निबंधाचे सहलेखकही आहेत. गुंतागुंत कोणत्याही हॉस्पिटलात होते : रक्तस्राव, न्यूमोनिया, सेप्सिस. चांगलं हॉस्पिटल आणि वाईट हॉस्पिटल यांतला फरक गुंतागुंत झाल्यावर पेशंटला सावरता येतं की नाही, यात दिसतो. आणि सावरायचं तर आधी कोणाच्या तरी लक्षात यायला हवं. नाडी १२० झालीय, पेशंट तासाभरापूर्वी बोलत होता आणि आता नुसता बघतोय, हे रात्री तीन वाजता कोण बघणार? डॉक्टर बोलावल्यावर येतो. बोलावणारी दुसऱ्या टोकाला सलाईन बदलत असेल तर?

त्या अभ्यासात ५३,८१३ जणांना मोठी गुंतागुंत झाली आणि त्यांतले ८.४ टक्के दगावले. इथंही तेच निघालं, नर्समागे एक पेशंट वाढला की ७ टक्के.

माझ्या नोकरीतली एक रात्र आहे. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. ऑपरेशनचा तिसरा दिवस असलेला एक काका, खाट क्रमांक १९. मी त्यांच्याकडं साडेबाराला गेले होते आणि नंतर चारला. मधल्या साडेतीन तासांत मी बसले नव्हते एवढं नक्की. अजून लिहवत नाही त्यावर. पण २००२ चा तो निबंध एमएस्सीला पहिल्यांदा वाचला तेव्हा मला १९ नंबरची खाटच दिसत होती.

तुमचे अनुभव लिहा. एकनबाईंच्या कामावर टीका असेल तर तीही लिहा, मला हवी आहे.

---

तळ्यात_मळ्यात

शीर्षकात आडनाव ‘ऐकेन’ असं वाचलं आणि म्हटलं, वा, नर्सांचं ऐकणारी कोणीतरी भेटली!

लेख आवडला. आई केईएमला ॲडमिट होती तेव्हा एक सिस्टर एका वेळी किती जणांना ‘आले हं’ म्हणत होती ते मोजायचा खेळ मी खेळायचो. आता लाज वाटते.

---

आकडेमोड

छान लिहिलंय. टीका मागितली आहे म्हणून लिहितो, रागावू नका.

१) ७ टक्के म्हणजे शंभरात सात जास्त मेले असं नव्हे. ते ‘ऑड्स’ आहेत, म्हणजे दगावलेल्यांचं जगलेल्यांशी गुणोत्तर. त्या अभ्यासात ३० दिवसांतला एकूण मृत्युदर सुमारे २ टक्के होता. एकेक पेशंट वाढवत गेलं तर १.०७ गुणिले १.०७ असं चार वेळा, म्हणजे चारावरून आठावर गेलात की ३१ टक्के. माणसांच्या भाषेत सांगायचं तर हजार ऑपरेशनांमागे सुमारे ५ मृत्यू जास्त. आकडा छोटा वाटतो, पण कुठल्याही मोठ्या शहरात दरवर्षी किती ऑपरेशनं होतात ते बघा.

२) हा अभ्यास एका वेळेचा फोटो आहे. श्रीमंत हॉस्पिटलात नर्स जास्त, मशिनं जास्त, सर्जन चांगले, पेशंटही खात्यापित्या घरचे. त्यांनी हॉस्पिटलचा आकार, तिथलं तंत्रज्ञान, शिक्षण-हॉस्पिटल आहे का, पेशंटचं वय नि आजार हे सगळं गणितात धरलंय हे मान्य. पण जे मोजलंच नाही ते धरता येत नाही. ‘संबंध आहे’ इथपासून ‘नर्स वाढवा, माणसं वाचतील’ इथपर्यंतची उडी मोठी आहे.

३) नर्समागे जास्तीत जास्त पेशंट किती, याचा कॅलिफोर्नियानं कायदा केल्यावर पेशंट पडण्याचं आणि बेडसोरचं प्रमाण बघणारे जे अभ्यास झाले त्यांत म्हणावा असा फरक दिसला नव्हता. ती बाजूही यायला हवी.

---

रात्रपाळी

@आकडेमोड, रागावणं राहूच द्या, तुमचा पहिला मुद्दा मी उद्याच फळ्यावर लिहिणार आहे.

दुसऱ्यावर : उडी मोठी आहे, आणि बाईंना ती ठाऊक होती असं त्यांच्या पुढच्या वीस वर्षांकडं बघून वाटतं. एकच प्रश्न घेऊन त्या वेगवेगळ्या देशांत गेल्या. युरोपात, बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या वॉल्टर सर्मियस यांच्याबरोबर ‘आरएन-फोर-कास्ट’ हा अभ्यास केला. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ९ देश, ३०० हॉस्पिटलं, ४,२२,७३० पेशंट. देश वेगळे, विमा वेगळा, पगार वेगळे, आणि नर्समागे एक पेशंट वाढला की पुन्हा ७ टक्केच. एकदा आलेला आकडा योगायोग म्हणून सोडता येतो, पण समुद्रापलीकडं तोच पुन्हा आला की जरा थांबावं लागतं.

‘आधी-नंतर’ असा अभ्यास ऑस्ट्रेलियात झाला. क्वीन्सलँड सरकारनं १ जुलै २०१६ पासून काही सरकारी हॉस्पिटलांच्या वॉर्डांत दिवसा एका नर्समागे सरासरी ४ आणि रात्री ७ पेशंट असं बंधन घातलं. एकनबाईंचे सहकारी मॅथ्यू मॅकह्यू यांनी नियम लागू झालेली २७ हॉस्पिटलं आणि न झालेली २८ यांची नियमाआधीची आणि नंतरची स्थिती ताडून पाहिली (लॅन्सेट, २०२१). त्यांच्या हिशोबानं १४५ मृत्यू टळले, २५५ जण पुन्हा ॲडमिट होण्यापासून वाचले, २९,२२२ खाटा-दिवस वाचले. आणि वाचलेला पैसा वाढवलेल्या नर्सांच्या खर्चाच्या दुपटीहून जास्त.

तिसरा मुद्दा कबूल. त्यांचा स्वतःचा २०११ चा निबंधही तुमच्या बाजूनं काढता येईल. ज्या हॉस्पिटलात कामाचं वातावरण खराब, म्हणजे डॉक्टर-नर्स बोलत नाहीत, वरिष्ठ पाठीशी नाहीत, तिथं नुसत्या नर्स वाढवून मृत्युदरात जवळजवळ फरक पडला नाही. चांगल्या वातावरणात ९-१० टक्के पडला. नुसती डोकी भरून भागत नाही असं त्यांनीच लिहून ठेवलंय.

---

डॉ_पंचवीस_खाटा

तालुक्याच्या गावी माझं २५ खाटांचं हॉस्पिटल आहे. या धाग्यात मी खलनायक ठरणार हे माहीत असून लिहितो.

पेनसिल्व्हेनियात नर्समागे चार की आठ हा वाद आहे. माझ्याकडे जाहिरात देऊन सहा महिने झाले, एकही नोंदणीकृत जीएनएम आली नाही. येते ती वर्षभर अनुभव घेते, आयसीयू शिकते, आणि मुंबई-पुण्याला जाते. तिथून दुबई. तिचं चुकत नाही. मग मी बारावी झालेल्या मुली घेतो, त्यांना शिकवतो, आणि हो, पेशंट त्यांनाच सिस्टर म्हणतात. पेशंटला बिल वाढवून चालत नाही, सरकारी आरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये नर्सिंगसाठी वेगळा पैसा नाही. ऑपरेशनचा एकच आकडा, त्यातच सगळं.

क्वीन्सलँडमध्ये वाचलेला पैसा सरकारच्या खिशात परत आला कारण हॉस्पिटलही सरकारचं आणि खाटही सरकारची. माझ्याकडे पेशंट एक दिवस आधी घरी गेला तर फायदा पेशंटचा. खर्च माझा, नफा दुसऱ्याचा. यावर बाईंनी काही लिहिलं आहे का? खवचटपणे नाही, खरंच विचारतोय.

---

निमसरकारी

डॉक्टरसाहेब, प्रामाणिक लिहिलंत. पण २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीनं ५० पेक्षा कमी खाटांच्या खाजगी हॉस्पिटलातही नर्सला २०,००० पेक्षा कमी पगार नको असं म्हटलं होतं. तुमच्या जाहिरातीत किती लिहिलं होतं?

---

डॉ_पंचवीस_खाटा

...बारा.

---

निमसरकारी

मग ‘येत नाही’ हे वाक्य दुरुस्त करा.

---

रात्रपाळी

दोघांनाही विनंती, धागा तिकडं नेऊ नका. पण डॉक्टर, एकनबाईंनी या ‘येत नाही’वर अगदी ठामपणे लिहिलंय. २०२१ मध्ये, कोविडच्या मध्यात, न्यूयॉर्क टाइम्समधल्या लेखात त्यांचं म्हणणं साधारण असं होतं : अमेरिकेत नर्सिंगच्या पदव्या घेणाऱ्यांची संख्या कधी नव्हे इतकी आहे. टंचाई आहे ती नर्सांना नीट काम करता येईल अशा नोकऱ्यांची. आपल्याकडं दरवर्षी कॉलेजांतून किती मुली बाहेर पडतात आणि त्यांतल्या किती पाच वर्षांनी वॉर्डात असतात, हे मी माझ्याच बॅचेसचे व्हॉट्सॲप ग्रुप बघून सांगू शकते. एक ब्युटी पार्लर चालवते. दोघी एलआयसी एजंट आहेत. एक फार चांगली होती, कॅन्युला अशी लावायची की लहान मूल रडायचं नाही. ती आता सासूच्या दुकानात बसते.

खर्च एकाचा आणि फायदा दुसऱ्याचा या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही. प्रश्न खरा आहे.

---

जुनी_मेट्रन

मी अधिसेविका म्हणून निवृत्त झाले. टायपिंग हळू होते, समजून घ्यावे.

आपल्याकडे निकष नाहीत असा समज आहे. तो चुकीचा. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे : शिक्षण-रुग्णालयात तीन खाटांना एक स्टाफ नर्स, साध्या रुग्णालयात पाच खाटांना एक, वर ३० टक्के रजा-राखीव. नव्या मुली ‘१:३’ वाचतात आणि खूश होतात. त्यांना वाटते एका वेळी तीन रुग्ण! कॅलिफोर्नियापेक्षा बरे!

नाही ग बायांनो. ते तीन पाळ्या मिळून आहे. म्हणजे एका पाळीत १:९. तेही निकषात. प्रत्यक्षात मंजूर पदे वेगळी, भरलेली वेगळी, हजर वेगळी. मी सकाळी ड्युटी चार्ट करायला बसत असे तेव्हा या चार आकड्यांतील अंतर रोज बघत असे. शिवाय आपल्याकडे खाटा मोजतात, रुग्ण नव्हे. ४० खाटांच्या वॉर्डात २२ जण जमिनीवर गादी टाकून असले तरी कागदावर वॉर्ड ४० चाच. अमेरिकेतील बाईंनी ‘तुमच्या अंगावर किती रुग्ण होते’ असे विचारले, हे मला फार शहाणपणाचे वाटले. आमच्या तपासणीत मला कोणी तसे विचारले नाही. विचारले ते ‘बेड स्ट्रेंग्थ किती’.

अजून एक. आपल्याकडे रुग्ण जगतो तो नातेवाइकांमुळे. पाणी कोण पाजते, कुशीवर कोण वळवते, लघवीची पिशवी भरली हे कोण सांगते? रात्री खाटेखाली झोपलेली आई किंवा बायको. ती कुठल्याच निकषात नाही. तिला धरले तर आपले प्रमाण जगात उत्तम निघेल!

---

आकडेमोड

मेट्रनबाई, शेवटचा परिच्छेद एखाद्या पीएचडीचा विषय आहे. अगदी गंभीरपणे म्हणतोय. आपल्याकडं एकनबाईंसारखा अभ्यास केला आणि नातेवाईक गणितात धरला नाही, तर नर्स कमी असूनही मृत्यू तितके वाढलेले दिसणार नाहीत आणि कोणीतरी म्हणेल, बघा, आपल्याला नर्सांची गरजच नाही.

---

वेल्सवारी

मूळची सांगलीची, आता वेल्समध्ये मेडिकल वॉर्डात आहे. आधी इंग्लंडमध्ये होते. थोडी भर.

वेल्सनं २०१६ मध्ये नर्स स्टाफिंगचा कायदा केला, युरोपातला पहिला. पण इथं १:४ असा ठरीव आकडा नाही. पेशंट किती आजारी आहेत, वॉर्डात काय काय घडलं (पडणं, बेडसोर, औषधाच्या चुका) आणि नर्सचं स्वतःचं मत, या तिन्हींवरून प्रत्येक वॉर्डाचा आकडा काढायचा. इन्चार्जच्या मताला कायद्यात जागा आहे हे ऐकून मी पहिल्या आठवड्यात चाट पडले होते. सगळं गोड आहे असं नाही. आजारी रजा आल्या की इथंही बोंब होते. पण तो कमीपणा लिहिला जातो, कोणीतरी त्यावर सही करतं.

इंग्लंडची गोष्ट वेगळी. मिड स्टॅफर्डशायरच्या हॉस्पिटलात पेशंटांची जी आबाळ झाली, त्यावरचा फ्रान्सिस अहवाल २०१३ मध्ये आला. नंतर २०१४ मध्ये ‘नाइस’ या आरोग्यसेवेचे निकष सांगणाऱ्या संस्थेनं मार्गदर्शन दिलं की दिवसा एका नर्समागे आठपेक्षा जास्त पेशंट गेले तर धोका समजा. पुढच्याच वर्षी त्या विषयावरचं पुढचं काम थांबवलं गेलं. अभ्यासाचा आकडा हातात होता तरी! माझ्या पहिल्या इंग्लिश वॉर्डात रात्री माझ्याकडं बारा असायचे. मी मनात म्हणायचे, बाराच? सांगलीत तर... आणि सोबतच्या इंग्लिश मुली रडायच्या. खूप दिवसांनी कळलं की चूक माझ्या ‘बाराच?’ मध्ये होती.

---

जीएनएम_२००४

सगळे बाईंचं कौतुक करताय पण २००३ चा निबंध कोणी काढला नाही. त्यात बाई म्हणतात की पदवीधर नर्सांचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं की मृत्यूची शक्यता ५ टक्क्यांनी कमी. म्हणजे आम्ही डिप्लोमावाल्या पेशंट मारतो का? वीस वर्षं कॅज्युअल्टीत काढलीयेत मी. काल आलेल्या बीएस्सीच्या मुलीला रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) टाकायला मी शिकवते, आणि बढती तिला. असले अभ्यास विद्यापीठात बसून होतात.

---

रात्रपाळी

ताई, ही जखम खरी आहे आणि मी डिप्लोमाच्याच मुलींना शिकवते, त्यामुळे मला दोन्हीकडून बसते.

एकच सांगते. तो अभ्यास एकेका नर्सबद्दल बोलत नाही, हॉस्पिटलातल्या प्रमाणाबद्दल बोलतो. तुमच्यासारखी अनुभवी सिस्टर कोणाहून कमी, असा त्याचा अर्थ निघत नाही. पण धोरणात तो तसाच वापरला गेला, हे खरं. तिथं २०१० मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं शिफारस केली की २०२० पर्यंत ८० टक्के नर्स पदवीधर हव्यात, आणि या पुराव्याचा त्यात मोठा हात होता. त्यापायी नोकरी सांभाळून पुन्हा कॉलेजात जावं लागलेल्या तिकडच्या बायकांना काय वाटलं असेल, ते तुम्ही वर लिहिलंच आहे. मला स्वतःला हा त्यांच्या कामातला सगळ्यांत निसरडा भाग वाटतो. नर्समागे पेशंट किती हे मोजता येतं. पदवीबरोबर अजून काय काय येतं (घरची स्थिती, मोठ्या शहरातलं हॉस्पिटल) ते सुटं करणं अवघड.

---

जीएनएम_२००४

हे मान्य केलंत म्हणून धन्यवाद. बढतीचं काय ते मात्र बोलला नाहीत.

---

फुकटचा_सल्ला

पुरावा पुरेसा असता तर मॅसॅच्युसेट्समध्ये २०१८ ला जनमतात नर्स-पेशंट प्रमाणाचा कायदा हरला नसता. सुमारे ७० टक्के लोकांनी विरोधात मत दिलं. आणि ते राज्य अडाणी नाही. लोकांना भीती घातली गेली की छोटी हॉस्पिटलं बंद पडतील. कॅलिफोर्नियात मात्र १९९९ ला कायदा, २००४ पासून लागू. तेव्हाच्या गव्हर्नरनं, म्हणजे आपल्या टर्मिनेटरनं (अर्नोल्ड श्वार्झनेगर), १:६ वरून १:५ वर जायचं लांबवायला बघितलं, तर नर्सा वर्षभर त्याच्या प्रत्येक कार्यक्रमाबाहेर घोषणा देत उभ्या राहिल्या. कोर्टातही तो हरला. बाईंचा कॅलिफोर्नियावरचा अभ्यास आला २०१० ला, कायद्यानंतर. त्यात निघालं की न्यू जर्सीत कॅलिफोर्नियाइतक्या नर्सा असत्या तर शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १३.९ टक्क्यांनी आणि पेनसिल्व्हेनियात १०.६ टक्क्यांनी कमी झाले असते. म्हणजे तिथं संघटना आधी, संशोधन नंतर.

---

निमसरकारी

+१. आपल्याकडं मे २०२२ मध्ये नर्सांचा संप झाला तो बाह्यस्रोत भरतीविरुद्ध. तेव्हा पेपरात छायाचित्रं आली ती हाल होणाऱ्या पेशंटांची. संप नसताना रात्री काय हाल होतात त्याचं छायाचित्र कोण काढणार?

---

आकडेमोड

दोन दिवस विचार करून परत आलोय. एकनबाईंना दोन गोष्टी आयत्या मिळाल्या. एक, नर्सांची पत्त्यांसह यादी. दोन, पेनसिल्व्हेनियात १९८६ पासून आरोग्यखर्च नियंत्रणासाठी एक परिषद आहे आणि हॉस्पिटलांना प्रत्येक डिस्चार्जची माहिती तिला कायद्यानं द्यावी लागते. जन्ममृत्यूच्या नोंदी त्याला जोडता येतात.

महाराष्ट्रात पहिली यादी आहे, नर्सिंग कौन्सिलकडं. पत्ते जुने असतील, लग्नाआधीचे असतील, पण आहे. दुसरी नाही असं सगळे म्हणतात. पण महात्मा फुले जनआरोग्य योजनेत प्रत्येक ऑपरेशनची नोंद संगणकावर जाते : कुठलं हॉस्पिटल, कुठली शस्त्रक्रिया, डिस्चार्ज की मृत्यू. सरकारी आणि खाजगी दोन्ही. सगळे पेशंट नाहीत, पण सुरुवातीला पुरतील. ही माहिती नर्सांच्या उत्तरांना जोडायला कोणी दिली तर पेनसिल्व्हेनियाचा अर्धा अभ्यास इथं होतो.

---

डॉ_पंचवीस_खाटा

अडचण सांगू? पेशंट अत्यवस्थ झाला की नातेवाईक ‘घरी नेतो’ म्हणतात. सही घेऊन आम्ही सोडतो. कागदावर तो डिस्चार्ज आहे. मेला तो जीपमध्ये.

---

आकडेमोड

बाप रे. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ३० दिवसांची अट आणि मृत्यूनोंदणीची जोड मग हवीच.

---

जुनी_मेट्रन

मोठा अभ्यास होईल तेव्हा होईल. मी एक सुचवते. माझ्या काळात इनचार्ज परिसेविका ओव्हर-बुकात (पाळी सोपवतानाच्या वहीत) शेवटी पेन्सिलने लिहीत असे : किती रुग्ण, किती जमिनीवर, किती स्टाफ. वरिष्ठांनी विचारले तर खोडता यावे म्हणून पेन्सिल. कोणी कधी विचारले नाही, म्हणून खोडलेही नाही. त्या वह्या पुढे रद्दीत गेल्या. ज्या मुली हा धागा वाचत आहेत त्यांनी घरच्या वहीत लिहावे. पेनने. रुग्णाचे नाव, खाट क्रमांक काहीही नको. फक्त आकडे.

---

रात्रपाळी

मॅडम, नमस्कार स्वीकारा. घरच्या वहीत. बाईंनी प्रश्नावली घरी पाठवली होती, तेच.

---

नाईट_चालू

फक्त वाचक होते, आज आयडी काढला.

मंगळवार, रात्र. पुरुष सर्जिकल. खाटा ३६. पेशंट ४९, त्यातले खाली ११, दोघे एका खाटेवर असे २ ठिकाणी. ऑपरेशनचा पहिला दिवस असलेले ६. स्टाफ मी आणि एक इंटर्न मुलगी, ती दीडला कॅज्युअल्टीत ओढली. मावशी १, मामा ०.

बुधवार, रात्र. पेशंट ४७. स्टाफ २, पूर्ण रात्र. एकाचं बीपी पडलं ते अडीचला कळलं, डॉक्टर आले, रक्त चढवलं. सकाळी त्याने चहा मागितला.

उद्या ऑफ. शुक्रवारचं लिहीन.